गायरान, माळ, झुडपी, सडे: सरकारी रानं वाचवायला गावातली माणसं नेमकं काय करू शकतात?

बोरीबाभूळ

आमच्या गावाच्या उत्तरेला मोठं गायरान आहे. बाहेरच्या माणसाला त्यात काहीच दिसत नाही. पावसाळ्यात पवना आणि मारवेल गुडघ्याला लागतं, दिवाळीनंतर कुसळं पायजम्याला चिकटतात, मधूनमधून बोर, हिवर. पण लांडगे आहेत, खोकड आहे, धाविक, पखुर्ड्या असे जमिनीवरचे पक्षी आहेत आणि गावातल्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या तिथेच चरतात.

गेल्या महिन्यात मोजणीवाले खुंट्या ठोकून गेले. सौर प्रकल्प येतोय असं चावडीवर बोललं जातं. कागद कोणीच पाहिलेला नाही. सरपंच म्हणतात वरून आलंय, वरचे म्हणतात अजून काही ठरलेलं नाही.

जमीन सरकारची, म्हणजे म्हटलं तर सगळ्यांची. मग विचारायचं कोणी आणि कोणाला? ज्यांनी असं काही वाचवलंय, किंवा प्रयत्न करून गमावलंय, त्यांचे अनुभव हवेत. कृपया 'जनजागृती करा' एवढंच सांगू नका. इथे सगळे जागेच आहेत.

वाचूनगप्प

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हेच.

तळकोकणी

आमची लढाई खाणीविरुद्ध होती, जागा कातळसडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. बाकीचे महिने तो सडा काळा, उघडा पडलेला, कागदावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. श्रावण-भाद्रपदात त्याच दगडावर सीतेची आसवं, कंदील, पानफुटी, इतकं काही उगवतं की पाय कुठे ठेवावा कळत नाही. सड्यावरचं पाणी झिरपून खालच्या वाडीच्या विहिरीत येतं. लोक हलले ते विहिरीमुळे. फुलांमुळे हलले असं मी म्हणणार नाही.

आमचा सगळा जोर जनसुनावणीवर होता. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध हवा. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी. चित्रीकरण बंधनकारक. आणि शेवटी मांडलेले मुद्दे तिथेच वाचून दाखवायचे असतात. हे शेवटचं फार कमी जणांना माहीत असतं. भाषणं करून लोक जेवायला निघून जातात आणि इतिवृत्तात 'ग्रामस्थांनी रोजगाराची मागणी केली' एवढं एकच वाक्य उरतं. आमच्या बायका उठल्याच नाहीत. मुद्दे वाचा म्हणाल्या. वाचले. विहिरींचा मुद्दा गाळला होता, तो घालायला लावला.

आणखी एक. गणसंख्येची अट नसते, त्यामुळे 'लोक आले नाहीत म्हणून सुनावणी होणार नाही' या भरवशावर कोणी बहिष्कार टाकू नये. चार माणसांतही सुनावणी उरकते.

रात्रपाळी_शेतकरी

मी जरा कडू बोलणार. आमच्या पट्ट्यात शेतीची लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची. थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन पाण्याची दारं धरायला जायचं, पायाखाली साप हाय का इंचू, कळत न्हाई. दिवसा वीज द्यायची म्हणून सौर कृषी वाहिनी योजना आली तर तुम्हाला खोकड आठवला. गायरानात न्हाई करायचं तर कुठं करायचं? माझ्या बागायतीत?

लांडग्याचं कौतुक ज्याच्या मेंढ्या जात न्हाईत त्यालाच.

बोरीबाभूळ

@रात्रपाळी_शेतकरी, राग मान्य. माझीही शेती आहे आणि लाईट मलाही रात्रीचीच मिळते. सौर नको असं म्हणणं नाही. ते चराईच्या जागीच का, हा प्रश्न आहे. आणि लांडग्यांबद्दल मेंढपाळांनाच विचारलं तर ते म्हणतात, लांडगा वर्षाला दोन-चार नेतो, कुरण गेलं तर कळपच विकावा लागेल.

कागदकाका

महसुलात हयात गेली, म्हणून सांगतो. भाषणं नंतर. आधी कागद.

१. तलाठ्याकडून (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, माणसं तीच) त्या गटाचा सातबारा, गाव नमुना १-अ आणि १-ब यांच्या नकला घ्या. १-अ म्हणजे वनाखालच्या जमिनी, १-ब म्हणजे बिनभोगवट्याच्या, कोणाच्या ताब्यात न दिलेल्या सरकारी जमिनी. आपण ज्याला सरसकट गायरान म्हणतो त्यात अनेकदा दोन-तीन जातींच्या जमिनी निघतात आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा.

२. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ खाली ती गुरचराईसाठी नेमून दिलेली आहे का, ते पाहा. तशी नोंद असेल तर ती जमीन नुसती मोकळी सरकारी जमीन राहत नाही.

३. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य. सर्वोच्च न्यायालय, २८ जानेवारी २०११. प्रकरण एका गावतळ्याचं, पण निकाल देशातल्या सगळ्या सामायिक जमिनींना लागू झाला. त्यावरून आपल्या शासनाने १२ जुलै २०११ ला निर्णय काढला. त्याचा आशय असा की गायरान दुसऱ्या कामाला द्यायचंच तर ते सार्वजनिक प्रयोजनासाठी आणि दुसरी जमीन उपलब्ध नसेल तरच. या 'दुसरी जमीन' शब्दांवर पेन्सिलीने खूण करून ठेवा.

तळकोकणी, तुमची माहिती अचूक आहे, पण इथे चालणार नाही. सौर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणजे जनसुनावणीही नाही. बोरीबाभूळ सुनावणीच्या जाहिरातीची वाट बघत बसले तर एक दिवस कुंपणच दिसेल.

प्रत्येक अर्जाची पोच. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच नसलेला अर्ज म्हणजे स्वतःशी केलेली बडबड.

तळकोकणी

बरोबर, काका. मग त्यांना ग्रामसभा आणि माहिती अधिकार एवढंच उरतं का?

कागदकाका

एवढंच म्हणू नका. दहा रुपयांच्या अर्जावर मी भल्याभल्यांना घाम फुटलेला पाहिला आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मात्र 'सर्व माहिती द्यावी' असं मोघम मागू नका. मोजणी कोणाच्या आदेशाने झाली त्या आदेशाची प्रत, जागेच्या मागणीचा प्रस्ताव, आणि पर्यायी जागांची पाहणी केल्याचा अहवाल. तिसरा कागद बहुधा निघणार नाही. तो नाही असं त्यांनी लेखी दिलं की तोच तुमचा मुद्दा.

हसरा_कोल्हा

काकांनी 'आधी कागद' म्हटल्यावर आमच्या ऑफिसातला प्रिंटर आपोआप बंद पडला.

माळढोक_जिल्हा

सोलापूरकडचा आहे. 'अभयारण्य करून टाका' हा सल्ला आता येईलच, म्हणून आधीच लिहितो.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. कागदावर क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, तालुकेच्या तालुके आत. शेतं, गावं, बाजारपेठा, सगळं. जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडचण, घर बांधायला अडचण, कर्जाला अडचण. पक्षी कुठे दिसला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा यायचा, कारण पक्षी म्हणजे निर्बंध. शेवटी क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळढोकाबद्दलचा लोकांचा राग मुरलेला होता आणि पक्षी जवळपास संपलेला. सगळा दोष अभयारण्याच्या आखणीचा नाही. विहिरी झाल्या, ऊस आला, माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, कुत्री वाढली. पण ज्यांच्या डोळ्यांसमोर तो पक्षी होता त्यांनाच आपण विरोधक करून ठेवलं.

म्हणून माझं मत: गुराखी आणि मेंढपाळ पुढे नसतील तर लढाई सुरूच करू नका. पक्षीनिरीक्षक मागच्या रांगेत बसून यादी लिहू दे.

शिंजीर

@माळढोक_जिल्हा, थोडी असहमती. मागच्या रांगेतली यादी नसेल तर कोर्टात दाखवायला काय असतं? आमच्या गटाच्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या म्हणून एका तळ्याचा भराव थांबला. प्रकल्प अहवालात 'चिमणी, कावळा, साळुंकी' असं लिहिलं होतं. आमच्याकडे तारीखवार नोंदी होत्या.

माळढोक_जिल्हा

नोंदी हव्यातच. त्यांच्या सोबत लांडग्याच्या बिळाचा ठिकाणासकट फोटो नको, एवढंच. गेल्या हंगामात आमच्याकडे एका बिळापाशी इतक्या गाड्या जमल्या की मादीने पिल्लं हलवली. फोटोवाल्यांना समाजमाध्यमावर शाबासकी मिळाली.

शिंजीर

याला पूर्ण सहमत. बीळ आणि घरटी यांचं ठिकाण कधीच उघड करू नये. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पण त्याने प्राण्याला संरक्षण मिळतं, माळ आपोआप राखीव होत नाही. हा गैरसमज फार आढळतो.

हिरवी_ओंजळ

मला वाटतं सोपा उपाय आहे. पावसाळ्यात गावाने मिळून गायरानात पाच हजार झाडं लावावीत. वड, पिंपळ, कडुनिंब. एकदा जंगल झालं की कोणाची हात लावायची हिंमत होणार नाही!

माळढोक_जिल्हा

नको!!

शिंजीर

नको हो ताई!

हसरा_कोल्हा

एवढ्या वेगाने एकमत या संस्थळावर पहिल्यांदाच झालं असावं.

शिंजीर

ताई, हेतू चांगला आहे, म्हणून नीट लिहिते. गवताळ माळ म्हणजे तुटलेलं जंगल नव्हे. कमी पाऊस, उथळ माती, चराई यांच्यात तयार झालेली ती वेगळीच परिसंस्था आहे. धाविक, चंडोल, पखुर्डी जमिनीवर अंडी घालतात, त्यांना लांबवर मोकळं दिसायला हवं. तिथे झाडांच्या रांगा उभ्या केल्या की शिकारी पक्ष्यांना बसायला जागा होते आणि सावलीखालचं गवतही बदलतं. आपल्या राज्यात २०१६ ते २०१९ मध्ये मोठ्या वृक्षलागवड मोहिमा झाल्या, एकट्या २०१९ चं उद्दिष्ट ३३ कोटी. कितीतरी खड्डे माळावर खणले गेले, कारण सरकारी नकाशात माळ म्हणजे पडीक. गिरिपुष्प लावलेला माळ बघा एकदा, मेंढीसुद्धा तोंड लावत नाही.

हिरवी_ओंजळ

हे खरंच माहीत नव्हतं. मग लावायचं काहीच नाही? पावसाळ्यात शाळेच्या मुलांना घेऊन काय करायचं?

शिंजीर

गवतांची ओळख! पवना, मारवेल, डोंगरी, शेडा. मुलं आजीकडून नावं विचारून येतात, तासभर मस्त जातो.

झुडपीवाला

चंद्रपूरकडून. आमच्या इथं गायरानाचा भाऊ म्हणजे झुडपी जंगल. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत या जमिनीचं नेमकं काय, हा घोळ कित्येक दशकं चालला. महसूल म्हणे आमची, वन म्हणे आमची, मधात कोणीही या आणि बांधा. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते वनच आहे असं सांगितलं. सुमारे ८६ हजार हेक्टरचा मामला. १२ डिसेंबर १९९६ च्या आदल्या वाटपाला वेगळी वाट ठेवली, कारण त्या तारखेच्या, याच न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशानं वनाची व्याख्या मोठी केली होती.

आता गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं नाव निघाल्याशिवाय असा धागा पूर्ण होत नाही, तर मीच काढतो. वनहक्क कायदा २००६ चा. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. म्हणजे हक्क मिळाल्यावरसुद्धा एका पुस्तकासाठी भांडण. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. त्या घोषणेच्या मागं अभ्यासगट होता, हे लोक विसरतात. कायदा वाचायचे, त्यावर तासन्‌तास बोलायचे, आणि निर्णय सर्वसहमतीनं. मत टाकून नाही.

दुसरं गाव पाचगाव. तिथल्या ग्रामसभेनं तेंदूपान तोडणं बंद केलं. तेंदूचा पैसा रोख येतो, लहान नाही. पण पानासाठी फांद्या छाटतात, आगी लागतात. त्यांनी बांबूवर भिस्त ठेवली. वनखात्यानं असं सांगितलं असतं तर मोर्चा निघाला असता, ग्रामसभेनं ठरवलं म्हणून टिकलं.

बोरीबाभूळ

@झुडपीवाला, वनहक्क कायदा गायरानाला लागतो का?

झुडपीवाला

वनजमीन असेल तरच. पण वनजमिनीची व्याख्या रुंद आहे, अवर्गीकृत वनसुद्धा येते. कायद्यात भटक्या पशुपालकांच्या चराईचा हक्क नावानं लिहिलेला आहे, कलम ३(१)(घ). अडचण अशी की आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं त्या वनजमिनीच्या आधारानं राहत असल्याचा पुरावा लागतो. आमच्याकडं निस्तार पत्रक (गावाच्या जळण-चराईच्या हक्कांची नोंद) असते, ते कामी येते. तुमच्याकडं जुनी चराई पावती, गावनकाशा, म्हाताऱ्यांचे जबाब.

म्हणून काकांची पहिली पायरी. १-अ मध्ये तुमचा गट आहे का बघा.

आरेची_रहिवासी

मुंबईहून, थोडं वेगळं. आमच्याकडे माणसं होती, माध्यमं होती, वकील होते. तरी ४ ऑक्टोबर २०१९ ला आरेतल्या मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयात फेटाळल्या गेल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं तोवर दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती.

पुढे ८१२ एकर राखीव वन करण्याचा निर्णय झाला. कारशेडही झाली. लोक विचारतात जिंकलात की हरलात. उत्तर रोज बदलतं. पण दोन गोष्टी पक्क्या कळल्या. एक, निकालाच्या दिवशी जागेवर माणसं हवीत, सगळी कोर्टात नकोत. दोन, आतल्या पाड्यांतले लोक कित्येक वर्षं आपली वहिवाट सांगत होते, ती आधीच नोंदली गेली असती तर 'हे जंगल नाहीच' हा युक्तिवाद इतक्या सहज चालला नसता.

आणि मानवी साखळीच्या फोटोंना हसणाऱ्यांसाठी: त्या साखळीतूनच पुढे न्यायालयात जाणारी माणसं मिळाली.

रात्रपाळी_शेतकरी

आरेला मेट्रो, आमाला लाईट. प्रत्येक ठिकाणी विकास विरुद्ध झाड असंच का मांडता?

आरेची_रहिवासी

दादा, आम्ही मेट्रो नको म्हटलंच नव्हतं. कारशेडची जागा बदला म्हणत होतो. बोरीबाभूळही तेच म्हणतायत.

पाटी_पेन्सिल

जैवविविधता व्यवस्थापन समितीचं कोणी काढलं नाही अजून? २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत ती असायलाच हवी, आणि लोकजैवविविधता नोंदवहीसुद्धा. बोरीबाभूळ, तुमच्या पंचायतीतली नोंदवही मागा.

हसरा_कोल्हा

मागा, पण बसून वाचा. हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिल्यावर राज्याराज्यांत नोंदवह्यांचा पाऊस पडला. आमच्या गावापासून समुद्र दीडशे मैल आणि नोंदवहीत तिवर आहे, खाडीतले खेकडे आहेत. अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले, असू दे, जैवविविधता वाढलेलीच बरी.

पाटी_पेन्सिल

हसून हसून पुरेवाट! पण वही दुरुस्त करता येते ना. समितीची बैठक घ्या, खऱ्या नोंदी घाला, मेंढपाळांची नावं माहिती देणारे म्हणून लिहा. शिवाय याच कायद्याच्या कलम ३७ खाली जैविक वारसा स्थळ करता येतं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी एका छोट्या माशासाठी २०२१ मध्ये झालंय. देवळाचं कुंड आणि त्यातला मासा, दोन्ही तिथल्याच लोकांच्या नजरेखाली.

तळकोकणी

वारसा स्थळ किंवा संवर्धन राखीव (वन्यजीव कायद्याखालचं राखीव क्षेत्र), दोन्हींत आधी गावाशी बोलावं लागतं, हे खरं. संवर्धन राखीवच्या समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधीही असतो. तरी आमच्या वाडीत 'वनखातं आलं की कोयताही नेता येणार नाही' ही भीती गेली नाही. सरसकट चूक भीती आहे असं म्हणवत नाही.

बोरीबाभूळ

मधे गायब होतो. काकांच्या यादीप्रमाणे कागद काढले.

गायरान एकच समजत होतो, पण गट दोन निघाले. मोठ्या तुकड्यावर गुरचराईची नोंद स्पष्ट आहे. ओढ्याच्या पलीकडचा लहान तुकडा १-अ मध्ये, म्हणजे वनाखाली. गावात कोणालाच माहीत नव्हतं. खुंट्या दोन्हींत आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, पोच घेतली. (काका, शिक्का पुसट होता, परत मारून घेतला.)

कागदकाका

शाब्बास. वनाखालच्या तुकड्याला १९८० चा वन संवर्धन कायदा लागतो, केंद्राच्या मंजुरीशिवाय तिथे पॅनल उभं राहू शकत नाही. त्या तुकड्यापुरता अर्ज उपवनसंरक्षकांनाही द्या, १-अ ची नक्कल जोडून. त्यांच्या कार्यालयालाही हे नव्याने कळेल अशी शक्यता आहे.

मोठ्या तुकड्यासाठी आता पर्यायी जागा. पेन्सिलीची खूण आठवते ना?

रात्रपाळी_शेतकरी

आता मीच बोलतो. तुमच्या विजेच्या उपकेंद्राजवळ बंद पडलेली खाण न्हाई का कुठली? आमच्या शेजारच्या गावानं खडी क्रशरची खचलेली सरकारी जागा आणि दोन शेतकऱ्यांची चोपण जमीन दाखवली. चोपणीत तसंबी काय पिकत न्हाई, भाडं मिळतंय म्हणून ते खूश. कुरण वाचलं, लाईट दिवसाची झाली. नुसतं 'नको' म्हणू नका, 'इथं करा' म्हणा. मग माझ्यासारखेबी हात वर करतील.

माळढोक_जिल्हा

@रात्रपाळी_शेतकरी, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात हे लिहिलं असतं तर धागा निम्मा झाला असता.

रात्रपाळी_शेतकरी

पहिल्या प्रतिसादाला रात्री पाणी देऊन आलो हुतो.

बोरीबाभूळ

खाण आहे! उपकेंद्राच्या मागेच, गावाची सरकारी जागा. उद्या सरपंचांना घेऊन बघून येतो. त्यांचाही सूर बदललाय, सौरमधून पंचायतीला मिळणारा निधी जागा बदलली तरी बुडणार नाही असं समजल्यापासून.

ग्रामसभा कधी घ्यावी? कोणी म्हणतं विशेष सभा लगेच लावा.

कागदकाका

मेंढपाळ गावात कधी असतात?

बोरीबाभूळ

पावसाळा संपेपर्यंत. दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे कळप आणि बिऱ्हाडं, कोकणात उतरतात, ते थेट मे-जूनमध्ये परत.

कागदकाका

मग १५ ऑगस्ट नाहीतर २ ऑक्टोबर, पुढे ढकलू नका. २६ जानेवारी आणि १ मे च्या सभांना तुमचे खरे हकदार घाटाखाली असतात, आणि गायरानांचे ठराव त्याच सभांत गुपचूप निघालेले मी पाहिले आहेत. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. ठरावात तीन गोष्टी: चराईची वहिवाट कोणकोणत्या कुटुंबांची आणि कुठल्या महिन्यांत, वनाखालच्या तुकड्याचा गट क्रमांक, आणि पर्यायी जागेचा गट क्रमांक. लांडग्यांचा उल्लेख चौथा. मसुदा मी पाठवतो.

झुडपीवाला

सूचक मेंढपाळ बाई असू द्या, जमलं तर.

आरेची_रहिवासी

आणि सभेचं चित्रीकरण. इतिवृत्त त्याच दिवशी सह्यांसकट.

कागदकाका

त्याआधी एक काम. या मेंढपाळ कुटुंबांची नावं तुमच्या मतदार यादीत आहेत का? फिरत्या माणसांची अनेकदा वगळली जातात. नसतील तर त्यांचा हात मोजलाच जाणार नाही.

बोरीबाभूळ

यादी काढून बघतो. सकाळी कळवतो.